शंखातलं पाणी

१

आमच्या घरात दही लावायचं काम माझ्याकडे आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी सून आली म्हटल्यावर सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात ते माझ्या गळ्यात घातलं. "तुजं शिक्षान जंतूंचंच हाय न्हवं? मग ह्ये जंतू बी तूच सांभाळ," असं म्हणून त्यांनी विरजणाचं गाडगं माझ्या हातात दिलं. त्यांना मी आत्ती म्हणते. त्यांच्या बोलण्यात टोमणा किती आणि लाड किती, याचा हिशेब मी कधीच सोडून दिलाय.

जेवणं आटोपली की कोमट दुधात चमचाभर विरजण घालायचं, वर ताट झाकायचं आणि विसरून जायचं. सकाळी दही लागलेलं असतं. इतक्या वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं. श्रावण संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ताट उचललं तर दूध जसंच्या तसं होतं. नासलं नव्हतं, फाटलं नव्हतं, साधा आंबूस वासही नव्हता. चमचा फिरवला तेव्हा काल घातलेलं विरजण तळाशी तसंच पडलेलं दिसलं.

"ध्यान कुठं हाय तुजं, पल्लवी?" आत्ती म्हणाल्या.

ध्यान कुठे आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पुढच्या सोप्यात कॉटवर माझे सासरे, सुभेदार लालासाहेब, पाय उशीवर टेकवून पडले होते. त्यांना मी मामा म्हणते. उसाची नवी लागण बघायला म्हणून रानात गेले आणि तोडलेल्या उसाचा बुडखा तळपायात घुसला. शुगर असल्यामुळे त्यांना कळ कळलीच नाही. कळलं ते वासानं, आणि तोवर जखम हाडापर्यंत उतरली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जखम लवकर आटोक्यात आली नाही, तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल.

मामांनी त्यांनाही सुनावलं होतं. "दोन पायांनी पलटणीत गेलो, दोन पायांनी म्हागारी आलो. आता वर जायचं त्ये बी दोन पायांनीच."

माझा नवरा जयराज राजस्थानात सीमेवर. त्यामुळे मामांचं ड्रेसिंग माझ्याकडे होतं. खरं सांगायचं तर मला माझ्या वडिलांपेक्षा मामांचा लळा जास्त आहे. त्या पायासाठी मी काहीही केलं असतं.

२

मी विट्याच्या एका कॉलेजात शिकवते. ताकारीजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीनं जाते-येते. माझं संशोधन समुद्रातल्या शंखगोगलगायींवर आहे. समुद्र आमच्यापासून अख्खा सह्याद्री ओलांडून पलीकडे, त्यामुळे सहकारी मला 'दुष्काळी भागातली कोळीण' म्हणतात. देवगडहून जाळ्यात आलेल्या गोगलगायी बर्फाच्या खोक्यातून यायच्या आणि प्रयोगशाळेतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत राहायच्या.

या प्राण्याला ना नांग्या ना नखं. मऊ अंग घेऊन तो कुजक्या चिखलात आयुष्य काढतो, आणि तरी त्याचं अंग कुजत नाही. त्याचं रहस्य त्याच्या बुळबुळीत स्रावात असतं. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधोमध स्रावात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची आणि उबेत बश्या ठेवून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची दाट साय धरलेली असते. टिकलीच्या भोवती मात्र काहीच नसतं, नुसतं स्वच्छ वर्तुळ. त्या वर्तुळाची रुंदी मोजण्यात माझी चार वर्षं गेली.

उन्हाळ्यात त्यातली एक मोठी, पांढऱ्या शंखाची गोगलगाय मेली. म्हणजे ती शंखात इतकी खोल शिरली की दिसेनाशीच झाली. मेलेल्या गोगलगायीचा वास अख्खी इमारत रिकामी करतो, पण हिला वास नव्हता. शंख उकळला, चिमट्यानं ओढून पाहिलं. आतून काहीच निघालं नाही. मी समजले, वाळून गेली असणार.

त्याच सुमाराला आत्तींचा देवघरातला जुना शंख हातातून निसटून फुटला होता आणि त्या हळहळत होत्या. मी हा धुऊन, वाळवून त्यांना आणून दिला. त्यांचा चेहरा असा फुलला की मलाही बरं वाटलं.

आमच्याकडे देवघरातला शंख कोरडा ठेवत नाहीत. पूजा झाली की तो पाण्यानं भरायचा. दुसऱ्या दिवशी ते पाणी घरभर शिंपडायचं, थोडं तीर्थ म्हणून घ्यायचं आणि उरलेलं गोठ्यात न्यायचं, कारण देवाचं पाणी मोरीत ओतत नाहीत. मामांचा पाय बिघडल्यावर आत्तींनी त्यात एक भर घातली. मी ड्रेसिंग सोडलं की त्या पळीभर पाणी जखमेवर सोडायच्या. मी पाहिलं, तेव्हा त्यांना थांबवायला हवं होतं. पण सासूनं देवाचं नाव घेऊन नवऱ्याच्या पायावर पाणी सोडायचं आणि सुनेनं जंतुसंसर्गावर व्याख्यान द्यायचं, हे आमच्या घरात कसं जमणार?

३

वास गेला.

आधी मला वाटलं माझं नाक मेलंय. मग पट्टी सोडली तर जखम लालसर, ओली आणि लख्ख होती. पू नाही, काळी कड नाही. सांगलीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं, नमुना तपासायला पाठवला आणि अहवाल आल्यावर मला फोन केला.

"मॅडम, काही वाढलंच नाही. तुम्ही काय लावताय?"

"तुम्ही दिलेलंच," मी म्हणाले. मला पाण्याचं सांगायची लाज वाटली.

त्या दिवशी मी येताना पेढे आणले. मामांनी गल्लीतल्या प्रत्येकाला हाक मारून पाय दाखवला. आत्ती देवघरात जाऊन बराच वेळ हात जोडून बसल्या. मीही त्यांच्या मागे उभी राहिले, आणि मी काही फार हात जोडणारी बाई नाही.

दही मात्र लागत नव्हतं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या धोंडुबाई त्यांच्या घरचं विरजण वाटीतून घेऊन आल्या. "अंजनाक्का, ह्ये बघा, सुरीनं कापावं लागतंय असं दही हाय," असं आत्तींना अभिमानानं सांगून गेल्या. ते दूधही सकाळी दूधच राहिलं. उरलेलं तेच विरजण मी वाटीतून त्यांच्या घरी परत नेलं, तिथे त्यांच्या दुधात घातलं. एका रात्रीत लागलं.

त्याच आठवड्यात गोबरगॅसची शेगडी मंदावली. ज्योत निळी, बारीक झाली आणि एके सकाळी पेटलीच नाही. आमची गोबरगॅसची टाकी जयराजच्या जन्माआधीची आहे. ती कधी बंद पडलेली कुणाला आठवत नव्हतं. गडी टाकीत वाकून म्हणाला, "वैनी, शेण सडंना झालंय. टाकलं तसंच हाय."

४

मग म्हैस. दावणीला बांधलेली म्हैस दुपारी डोळे मिटून रवंथ करते, तो चघळण्याचा संथ आवाज आमच्या घराच्या पाठीमागे कायम असायचा. तो थांबलाय हे मला आधी शांततेवरून कळलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या कुशीला कान लावला. "पोटात काही हालचालच नाही," म्हणाले. तिला धोंडुबाईंच्या गोठ्यात, गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधलं. तिथं ती हळूहळू चघळायला लागली.

म्हशीच्या पोटात चारा पचवतात ते जंतू. टाकीत शेण कुजवतात ते जंतू. दुधाचं दही करतात तेही जंतूच. हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या तासाला शिकवते. तरी माझ्या स्वतःच्या घरात तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायला मला इतके दिवस लागले.

मी कॉलेजातून ताज्या बश्या आणल्या. स्वयंपाकघराचा ओटा, मोरी, गोठ्यातली जमीन, मामांचा हात, जिथून तिथून कापसाचे बोळे फिरवून त्या बश्यांवर ओढले. मोरीतून तर जंगल उगवायला हवं होतं. एकाही बशीत काही वाढलं नाही. माझं पहिलं म्हणणं अर्थातच हे, की बश्यांतलं माध्यम, म्हणजे जंतूंचं खाद्य, खराब असणार. म्हणून त्याच खोक्यातल्या एका बशीवर कॉलेजातल्या शिपायाला बोटं टेकवायला लावली. त्याच्या पाचही बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी ठिपक्या-ठिपक्यांनी फुलून आले.

त्याच्या शेजारच्या बशीवर मी माझी बोटं टेकवली होती. ती बशी कोरी होती. मी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले. माणसाच्या कातडीवर काहीच नसणं म्हणजे काय, हे मला शब्दांत सांगता येणार नाही. मला एकटं वाटलं. गर्दीत वाढलेल्या माणसाचं अख्खं गाव एका दिवशी उठून गेलं तर वाटेल तसं.

घरात, गोठ्यात आणि मामांच्या पायावर रोज पडणारं एकच होतं, म्हणून घरी येऊन मी शंखातलं पाणी पाहिलं. बोट बुडवून वर काढलं तर बोटाबरोबर बारीक तार आली. ते ओतून, शंख आतून खळाळून धुऊन, मी स्वतः उकळून गार केलेलं पाणी भरलं आणि देवघराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. सकाळी पुन्हा तार आली. शंख उन्हात धरला, आरपार उजेड दिसला. आत काही नव्हतं.

५

"आत्ती, तो शंख मी परत नेते."

"का म्हणून?"

मी सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. त्या ऐकत होत्या, कारण त्या अडाणी नाहीत आणि हट्टीही नाहीत. शेवटी म्हणाल्या, "दही इकत आणू. शेगडीला सिलिंडर आणू. म्हस धोंडुबाईकडं ऱ्हाईल. पाय कुठं इकत मिळतोय का?"

खरं म्हणजे मलाही शंख न्यायचा नव्हता. शंख नेला असता तर जखम पुन्हा सडली असती, आणि मामांच्या पायाची किंमत म्हणून घरातलं थोडं दही मला मुळीच जड वाटत नव्हतं. मी शंख तिथेच ठेवला.

त्यानंतरचे दिवस विलक्षण शांत गेले. घरात माशी फिरकेना. मुंग्यांची रांग उंबऱ्यापर्यंत यायची आणि वळून जायची. परवाची आमटी आजही ताजी असायची. घरामागच्या परड्यात एक उंदीर मरून पडला होता, तो झोपल्यासारखा तसाच राहिला. आमची पोटं जड झाली होती, जेवण नकोसं झालं होतं, पण मामांच्या शुगरमुळे घरात पथ्याचं जेवण, हे कारण सगळ्यांना पुरत होतं. ज्या खोलीत काहीच कुजत नाही तिथे वासही नसतो, आणि मला समजलं की घराचं घरपण मी आजवर नाकानं ओळखत होते. आता एसटीतून उतरून दारात आले की क्षणभर परक्याच्या घरी आल्यासारखं वाटायचं.

मी विचार करत राहिले. विचार करणं हा माझा धंदाच आहे. चार वर्षं मी त्या स्वच्छ वर्तुळाकडे औषध म्हणून पाहत आले होते, माणसाच्या उपयोगाचं काहीतरी म्हणून. पण गोगलगाय काही आपल्यासाठी तो स्राव बनवत नाही. अंडी घालायची असली, बस्तान बसवायचं असलं, की ती आधी ती जागा स्रावानं सारवून घेते. तिथे दुसरं कुणी वाढू नये म्हणून. जागा रिकामी करून घेणं, एवढंच ते आहे. मग पुढे ती त्या जागेचं काय करते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या बश्यांत गोगलगाय कधी नव्हतीच, नुसती टिकली होती.

६

एका सकाळी शंखातलं पाणी नुसतं पाणी होतं. बोटावरून थेंब साधा ओघळला. शंख उचलला तर तो मला पूर्वीपेक्षा हलका लागला. मी आधी कधी तोलला नव्हता, त्यामुळे हे मनाचे खेळ असतील असं मी स्वतःला बजावलं. तरी माझे पाय आपोआप सोप्याकडे वळले.

मामा जागे होते. खिडकीतून ऊन त्यांच्या पायावर पडलं होतं.

"कसं वाटतंय, मामा?"

"ब्येस. गार वाटतंय," ते म्हणाले. मग चेष्टा करावी तसं हसून म्हणाले, "पर येक सांगू का? आत कुणीतरी अंग चोरून बसल्यागत वाटतंय बग."

आत्ती चहा घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी पट्टी सोडली. जखम भरली होती. तिच्या जागी तपकिरी, गुळगुळीत, गोल असं काहीतरी बसलं होतं, कडेला कातडीशी अगदी नेमकं जुळलेलं. त्यावर मधून बाहेर वळत आलेल्या बारीक रेघा होत्या.

"खपली धरली गं बाई," आत्ती म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद होता.

खपली खडबडीत असते. तिच्या कडा वर उचललेल्या असतात. शंखाच्या तोंडाशी गोगलगायीचं जे झाकण असतं, आत शिरल्यावर ती जे दारासारखं ओढून घेते, ते मी शेकड्यांनी हाताळलंय. मी चिमट्याचं टोक त्याला अगदी हलकं टेकवलं.

ते आत गेलं. चटकन, एका लयीत, तळपायात खोल. क्षणभर तिथे एक ओलं, गुलाबी भोक राहिलं, कडेनं चकाकणारं आणि आत वळत गेलेलं. मग ते पुन्हा सावकाश वर आलं आणि जागच्या जागी बसलं.

आत्तींच्या हातातली कपबशी खाली पडली. मामांना काहीच जाणवलं नव्हतं. ते आमच्या तोंडाकडे पाहत होते.

मी त्यांच्या उशाशी बसले. "मामा, सांगलीला जाऊ या. हे काढून टाकू. पाय जाईल कदाचित."

"पाय वाचला म्हनून प्येढं तूच वाटलंस न्हवं?"

"व्हय."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. आयुष्यभर माणसं घेऊन चौक्यांवर राहिलेला माणूस, कुणाची भीती खरी आणि कुणाची खोटी हे त्यांना सांगावं लागत नाही.

"भ्यालीस?"

"लय भ्याले, मामा."

"मग चल," ते म्हणाले. "घरातलं मानूस भ्यालंय आन् सुभेदार पाय कवटाळून बसलाय, ह्ये बरं दिसंल व्हय?"

मला रडू आलं. इतके दिवस दोन पायांचा हट्ट धरलेल्या माणसानं माझ्या एका शब्दावर तो सोडला होता.

७

सांगलीच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं नाही. आत काहीतरी परकं राहिलंय, एवढंच म्हणाले. त्यांनी पाय पाहिला, त्या तपकिरी गोलावर टिचकी मारली आणि त्यांचा चेहरा किंचित बदलला. आधी उघडून बघू, गरज पडली तरच गुडघ्याखाली काढू, असं ठरलं. कमरेखाली भूल दिली, त्यामुळे मामा जागेच होते. दार बंद होईपर्यंत ते नर्सला पलटणीतला कुठलातरी किस्सा ऐकवत होते आणि ती हसत होती.

आत्ती आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास होता, कुणीतरी डबा उघडला होता त्यातल्या भाजीचा वास होता, माणसांच्या घामाचा होता. मी ते वास छाती भरून घेत होते. आत मामांचा आवाज अधूनमधून ऐकू येत होता, तोवर मला धीर होता.

मग आतलं हसणं थांबलं. मामा मात्र बोलत होते. आता त्यांच्या किश्श्याला कुणी हुंकार देत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. हातमोजे तसेच होते. ते पांढरे स्वच्छ होते, त्यावर रक्ताचा डाग नव्हता. मी त्यांच्या हातांकडे पाहतेय हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी हात मागे घेतले.

"मॅडम, गुडघ्याखाली छेद घेतला," ते हळू आवाजात म्हणाले. "तिथे हाड नाही. मांस नाही. गुळगुळीत पोकळी आहे, वळत वळत वर गेलेली. म्हणून मांडीत छेद घेतला. तिथेही तेच. तुम्ही सांगा, कुठपर्यंत कापू?"

बंद दारामागून मामांचा आवाज आला, खणखणीत, नेहमीसारखा. "पल्लवी, झालं का गं?"

आत्ती उठल्या. पदर सावरून त्यांनी डॉक्टरांपुढे हात जोडले.

"आवं डॉक्टर, पायाचं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मानूस जिथनं सुरू हुतोय, तिथनं वरचं तेवढं आमाला ठेवा."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी," ते म्हणाले, "तेच तर मला सापडत नाहीये."